मेलतेमीला विचारून निघा

ग्रीसमध्ये यॉट भाड्यानं घ्यायची आहे, आठवडाभर बेटं फिरायची आहेत, जरा मार्ग आखून द्या, असे फोन मला आता बारा महिने येतात. कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाला 50 वर्षं होणार असतात, कुठे तीन कुटुंबं मिळून निघालेली असतात. बेटांची यादी बहुतेक ठरलेली असते: मिकोनोस, पारोस, सँटोरिनी. महिनाही ठरलेला असतो, कारण अमेरिकेतल्या नातवंडांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच मिळते. नौका किती खोल्यांची, तिच्यावर जकूझी आहे का, एवढंच विचारायचं राहिलेलं असतं. मी मात्र सुरुवात वाऱ्यापासून करते.

एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्याचं नाव मेलतेमी. जूनमध्ये त्याची चाहूल लागते, जुलै-ऑगस्टमध्ये तो भरात असतो आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर ओसरू लागतो. एकदा सुटला की कधी दोन दिवसांत पडतो, कधी आठवडा काढतो. आपल्याकडे वादळाआधी आभाळ भरून येतं, विजा चमकतात, माणूस सावध होतो. इथे आभाळ निळंशार, ऊन लख्ख, हवा कोरडी, आणि समुद्रावर नजर जाईल तिथवर पांढरा फेस. ग्रीक माणसं वारा बोफोरमध्ये मोजतात. कॉफीच्या टेबलावर ‘उद्या सात बोफोर’ असं सहज बोललं जातं. सात बोफोर म्हणजे ताशी 50 ते 61 किलोमीटर. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागेतून जाताना तो आणखी जोर धरतो. एव्हिया आणि आंद्रोस यांच्यामधली काफिरेआसची सामुद्रधुनी त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या बदनाम आहे.

नकाशा पाहून वाटतं, बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला गेलं की आडोसा मिळेल. लाटांपासून मिळतो. वारा मात्र डोंगर चढून येतो आणि पलीकडच्या उतारावरून झोतांनी खाली कोसळतो. आमोर्गोसच्या दक्षिणेला मी असा झोत येताना पाहिला आहे. खाडीतलं पाणी अगदी सपाट होतं. कड्याच्या पायथ्याशी पाण्यावर एक काळपट पट्टा उमटला आणि आमच्याकडे धावत आला. नौका नांगराच्या साखळीभोवती गर्रकन फिरली, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल समुद्रात गेले, आणि मिनिटभरात पुन्हा सगळं शांत. कप्तानानं मानही वर केली नाही. त्यानं आदल्या संध्याकाळीच साखळी दुप्पट सोडून ठेवली होती.

या वाऱ्याचा एक धागा आपल्याकडे येतो, आणि ते कळल्यापासून मी पुरती त्याच्या नादाला लागले. बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या पठारावर कमी, या फरकामुळे मेलतेमी वाहतो. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचं, भारत-पाकिस्तानपासून इराणमार्गे पसरत गेलेलं, पश्चिमेचं टोक. शिवाय 1996 मध्ये मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट मांडली. उपखंडावर पाऊस पडताना हवेत जी प्रचंड उष्णता मोकळी होते, तिच्या परिणामानं हजारो किलोमीटर दूर, पूर्व भूमध्य समुद्रावरची हवा खाली बसते, आणि खाली बसणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत. आषाढात महाबळेश्वरला चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा एजियनमधल्या नाक्सोस बेटावर डोळे दिपवणारं ऊन असतं. ही एकाच यंत्राची दोन टोकं आहेत.

प्राचीन ग्रीक या वाऱ्यांना एतेसियाई म्हणत आणि त्यांच्यावर राजकारणही चाले. मॅसेडोनचा राजा फिलिप हे वारे सुटायची वाट पाहून मोहीम उघडतो, कारण तेव्हा आपल्या गलबतांना उत्तरेला जाता येत नाही, अशी जळजळ वक्ता डेमॉस्थेनिसनं अथेन्सच्या सभेत बोलून दाखवली होती. रोमन काळात याच वाऱ्यांना व्यापारात मोल आलं. रोमन लेखक प्लिनीनं नोंदवलंय की हे वारे वाहत असताना अलेक्झांड्रियाहून नाईलच्या प्रवाहाविरुद्ध कॉप्टोसला पोचायला 12 दिवस लागतात. कॉप्टोसहून उंटांवरून तांबड्या समुद्राचं बंदर गाठायचं आणि तिथून मान्सूनच्या वाऱ्यावर हिंदुस्थान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या खलाशांच्या मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं आहेत, घाटावरच्या पैठण आणि तेर या बाजारपेठाही आहेत. चौलच्या धक्क्यावर उतरणाऱ्या त्या व्यापाऱ्यानं प्रवासाचा आधीचा टप्पा मेलतेमीवर आणि शेवटचा मान्सूनवर काढलेला असे. चौलशेजारच्या रेवदंड्याला गेलात तर खाडीच्या मुखाशी उभं राहून हे जरूर आठवा.

आता मार्गाकडे येते. जुलै-ऑगस्टला पर्याय नसेल तर मिकोनोस, पारोस, सँटोरिनी ज्यांत येतात त्या सिक्लाडीस बेटांचा हट्ट सोडा आणि अथेन्सच्या दक्षिणेला सारोनिक आखातात राहा. अलिमोस किंवा फ्लिस्वोसच्या मरिनातून निघायचं. एजिना, पोरोस, हायड्रा, स्पेत्सेस. मुख्य भूमीच्या आडोशामुळे इथे मेलतेमीची धार बोथट होते आणि एका बेटाहून दुसऱ्यावर जायला दोन-तीन तास पुरतात. एजिनात पिस्ते घ्या आणि अफाइया देवीचं देऊळ पाहा. दुसरा पर्याय ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात: कॉर्फू, पाक्सोस, लेफ्काडा, इथाका. तिथला माइस्त्रो वारा दुपारी सुटतो आणि सूर्यास्ताला पडतो, आपल्या कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यासारखा शिस्तीचा. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून आयोनियन सांगते.

सिक्लाडीस हवीच असतील तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबरची अखेर धरा. अथेन्सऐवजी लाव्रिओहून निघा, निम्मा दिवस वाचतो आणि सुनिओनच्या टोकावरच्या पोसायडनच्या देवळाचे खांब समुद्रावरून दिसतात. हवा साथ देते आहे तोवर उत्तरेची बेटं उरकून घ्या, म्हणजे पुढे वारा पाठीवर घेऊन दक्षिणेला उतरता येतं. उलट केलंत तर परतीचा प्रवास वाऱ्याच्या तोंडावर होतो, आणि तेव्हा कितीही महागडी नौका असली तरी जेवणाची भांडी टेबलावर राहत नाहीत. शक्य असेल तर नौका पारोसलाच सोडा. ती रिकामी परत नेण्याचा खर्च मालक लावतो, तो द्यावा. डेलोसला सकाळी लवकर जा; त्या बेटावर रात्री मुक्काम करायला मनाई आहे. सँटोरिनीला मात्र नौकेनं जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. ज्वालामुखीच्या त्या प्रचंड कुंडात कड्यापासून थोड्या अंतरावरच पाणी 300 मीटरहून खोल आहे, नांगर टेकत नाही. पारोसहून फेरीबोट पकडा आणि दोन दिवस हॉटेलात राहा. आणि सात दिवसांच्या आखणीत एक-दोन दिवस कोरे ठेवा. बंदर पोलिसांनी बंदी घातली की मोठमोठ्या फेरीबोटीही धक्क्यालाच राहतात.

हायड्राच्या धक्क्यावर बसून नौका लागताना बघणं हा मला कुठल्याही देवळाइतका आवडणारा कार्यक्रम आहे. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. म्हणून इथे नौका धक्क्याला आडवी लावत नाहीत, पाठ लावून उभी करतात. कप्तान तीन-चार नौकांच्या लांबीइतका दूर नांगर टाकतो आणि साखळी सोडत सोडत उलटा येतो. दोन बाजूंना लागलेल्या नौकांच्या मधली फट हातभरच मोठी असते. खलाशी रबरी फुगे घेऊन कठड्याशी वाकलेले. आधी वाऱ्याच्या बाजूची दोरी धक्क्यावर फेकायची, मग दुसरी. साखळी ताणून घ्यायची आणि फळी टाकायची, की पाहुणे थेट चहाच्या दुकानासमोर. बंदर इवलंसं असल्यानं साखळ्या एकमेकींवर पडतात. सकाळी पहिला निघणारा आपल्या नांगराबरोबर शेजाऱ्याचाही वर ओढतो आणि चार भाषांतला आरडाओरडा सुरू होतो. धक्क्यावर खेचरं सामानाची वाट पाहत स्वस्थ उभी असतात. बेटावर मोटारींना बंदी आहे. हे एकदा नीट पाहिलं की भाड्याचे पैसे आपण खरं तर कप्तानाच्या हातासाठी मोजतो हे पटतं. खोल्यांचे फोटो नंतर बघा. आधी विचारा, कप्तान या पाण्यात किती उन्हाळे आहे.

पैशांचं थोडक्यात. आठवड्याचं भाडं नौका आणि खलाशांचं असतं. इंधन, जेवणखाण आणि बंदरांचं शुल्क यांसाठी भाड्याच्या साधारण 25 ते 35 टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते. तिला एपीए म्हणतात, शेवटी हिशेब होऊन उरलेले पैसे परत मिळतात. भाडं 50,000 युरो असेल तर 30 टक्क्यांनी हे 15,000 झाले. त्यावर कर, आणि 5 ते 15 टक्के बक्षिशी. करार बहुधा यॉट दलालांच्या मायबा संघटनेच्या नमुन्यावर होतो. निम्मी रक्कम सहीच्या वेळी भरायची. 12 पेक्षा जास्त प्रवासी नेले की आंतरराष्ट्रीय नियमांत ते प्रवासी जहाज ठरतं, म्हणून बहुतेक नौकांवर 12 चीच सोय असते.

निघण्याआधी आवडीनिवडींचा एक तक्ता येतो, तो आळस न करता भरा. ‘शाकाहारी’ एवढंच लिहिलं तर मासे चालतील का, असं उलट विचारतात. अंडं, मासा, कोलंबी, मांसाचा रस्सा यांपैकी काय चालत नाही ते एकेक लिहा. ग्रीक स्वयंपाकात तसं पुष्कळ आहे: सँटोरिनीच्या पिवळ्या डाळीचा फावा, भात भरलेले टोमॅटो, रानभाज्या. चहापत्ती आणि मसाले मात्र घरून न्या.

व्हिसाबाबत एक सूचना. कोस बेटाहून समोरचं बोद्रुम दिसतं आणि एक दिवस तिकडे जाऊ असं सुचतंच; पण ते तुर्कस्तान आहे. भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा वेगळा लागतो, आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर ग्रीसला परतता येत नाही. शेंगेनसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा अनेक प्रवेशांचाच मागा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यातली नौका चांगल्या कप्तानासकट हवी असेल, तर दिवाळीचा फराळ झाला की पहिलं पत्र धाडा.