मोटारीची नवी बॅटरी घेताना

मोटारीची बॅटरी दगा देते ती बहुधा सकाळच्या घाईत. मग जवळच्या दुकानदाराने पुढे केलेली बॅटरी बसवून गाडी मार्गाला लावली जाते, आणि निवड करावयाचे राहूनच जाते.

मुळात जुनी बॅटरी खरोखर निकामी झाली आहे काय, हे आधी पाहावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. तो १२ च्या खाली गेला, तर ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. परंतु रिकामी म्हणजे निकामी नव्हे. सैल पट्टा किंवा बिघडलेला आल्टरनेटर यांमुळे चांगली बॅटरीही रिकामी पडते, आणि अशा गाडीत बसविलेली नवी बॅटरी त्याच वाटेने जाते.

शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा भारित करता येणारी बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ साली सिद्ध केली. बहुतेक मोटारींतील आजची बॅटरी त्याच कुळातील आहे. सुमारे २ व्होल्टचा एक, असे ६ घट तिच्यात असतात. तिचे मुख्य प्रकार तीन. साध्या बॅटरीत आम्ल पत्र्यांभोवती मोकळे असते. ‘ईएफबी’ प्रकारातही ते मोकळेच असते, पण पत्रे अधिक मजबूत केलेले असतात. ‘एजीएम’ प्रकारात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून धरलेले असते.

काही नव्या गाड्यांचे इंजिन सिग्नलपाशी आपोआप बंद होते व निघताना पुन्हा सुरू होते. शहरातील एका फेरीत बॅटरीला हे श्रम कितीतरी वेळा पडतात. साधी बॅटरी एकदाच मोठा झटका देण्यासाठी घडविलेली. ती येथे थोड्याच काळात थकते. म्हणून कारखान्याने एजीएम दिली असेल तेथे एजीएमच घ्यावी, आणि ईएफबीच्या जागी साधी बसवू नये. दुकानात वाचलेले पैसे पुढे दुप्पट होऊन जातात. उलट, साध्या गाडीत महागडी एजीएम घालण्याने विशेष लाभ होत नाही. अशा काही गाड्यांत नवी बॅटरी बसविल्याची नोंद गाडीच्या यंत्रणेत करावी लागते, हेही मेकॅनिकला विचारून घ्यावे.

बॅटरीवरील अक्षरांनी पुष्कळांचा गोंधळ होतो. ‘३८ बी २० एल’ असे लिहिले असेल तर ३८ हे ॲम्पियर-तास नव्हेत. तो क्षमतेचा दर्जा आहे. ‘बी’ हे रुंदी-उंचीचे माप, २० ही सेंटिमीटरमधील अंदाजी लांबी, आणि ‘एल’ हे टर्मिनलांच्या बाजूचे चिन्ह. ‘एल’च्या जागी ‘आर’ आणली तर तारा पोहोचत नाहीत, किंवा ओढूनताणून उलट जोडल्या जाऊन अनर्थ होतो. आकाराने लहान बॅटरी पट्टीखाली नीट बसत नाही व खड्ड्यांत हादरून तिचे पत्रे झिजतात.

ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बॅटरी झिजते ती त्या उष्णतेने. झीज कळते मात्र थंडीतील एखाद्या सकाळी, आणि दोष बिचाऱ्या थंडीला लागतो! दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेली बॅटरीही आतून क्षीण होते. निर्मितीचा महिना पाहूनच माल घ्यावा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. तिच्यातील शिसे विषारी असते, आणि उघड्यावर ती फोडणाऱ्याच्या घरातील मुलांच्या अंगी ते भिनते. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदार जुनी घेऊन नव्हीच्या किमतीत सूटही देतात.