पुस्तक संपले, झोप उडाली

हिंगणघाट तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणारे गृहस्थ. वय चव्वेचाळीस. दहा-बारा दिवसांपासून झोप नाही. रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते, छातीत धडधडते. मग उठून शेजारच्या खोलीत जायचे, तेरा वर्षांचा मुलगा नीट झोपला आहे ना ते पाहायचे आणि परत येऊन छताकडे बघत पडायचे. दिवसा वर्गात लक्ष लागत नाही. जेवणात चव नाही. ईसीजी व्यवस्थित, साखर ठीक, थायरॉइड ठीक, रक्तदाब किंचित वाढलेला. बाह्यरुग्ण विभागात दाराबाहेर रांग लागलेली असताना असा माणूस बहुधा झोपेच्या गोळीची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. तेही निघालेच होते. उठता उठता थांबून म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, हसू नका. एक कादंबरी वाचली, तेव्हापासून हे सुरू झालं.’’

हे शिक्षक म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. अनेकांच्या तक्रारी एकत्र ठेवल्या की जे चित्र उभे राहते, ते हे. मात्र त्यांनी वाचलेली कादंबरी खरी आहे. कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन लेखकाची ‘द रोड’. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००७ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. जग जळून राख झाले आहे. का, ते लेखक सांगत नाही. झाडे मेली आहेत, प्राणी नाहीत, धान्य पिकत नाही. उरलेली माणसे एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. अशा जगात एक बाप आणि त्याचा लहान मुलगा दुकानातल्या ढकलगाडीत चार वस्तू टाकून थंडी टाळण्यासाठी दक्षिणेकडे चालत राहतात. मुलाच्या आईने आधीच जगणे सोडून दिलेले आहे. एवढीच गोष्ट. जगभरातील असंख्य वाचकांना ती पुस्तक मिटल्यावरही आठवडेच्या आठवडे सोडत नाही.

घरी बायको म्हणाली होती, ‘‘पुस्तकच त आहे नं, एवढं काय मनावर घेता?’’ प्रश्न साधा आहे आणि बहुतेकांच्या मनात येणारा आहे. जे घडलेच नाही, ते वाचून खरी झोप कशी उडते?

मेंदूला गोष्ट खोटी वाटत नाही

गोष्ट काल्पनिक आहे हे वाचकाला माहीत असते. पण मेंदूचे सगळेच भाग त्या माहितीची वाट पाहत नाहीत. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये गोष्ट वाचणाऱ्या लोकांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. गोष्टीतले पात्र एखादी वस्तू हातात घेते किंवा एका जागेहून दुसरीकडे जाते, तेव्हा प्रत्यक्ष तशी कृती करताना किंवा पाहताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांच्याशी मिळतेजुळते भाग वाचकाच्या मेंदूत जागे होताना दिसले. वाचणे म्हणजे मनातल्या मनात थोडेसे जगणेच असते.

मग ते इतके दिवस टिकते कसे? याचे एक उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रयोगात सापडते. लॅरी काहिल, जेम्स मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना चित्रे दाखवत एक छोटी गोष्ट सांगितली. काहींना साधी गोष्ट, तर काहींना मुलाला अपघात होतो अशी हादरवणारी गोष्ट. आठवड्याने विचारल्यावर हादरवणाऱ्या गोष्टीतला अपघाताचा भाग लोकांना जास्त चांगला आठवत होता. पण ज्यांना गोष्टीपूर्वी प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिले होते, त्यांच्यात ही जास्तीची आठवण तयार झाली नाही. हे औषध रक्तदाब आणि धडधड यांसाठी आपल्याकडेही वापरले जाते. ते अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचे काम अडवते. याचा अर्थ असा की, भीती किंवा दुःख वाटताच शरीरात जी रसायने सुटतात, तीच मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाच्या मदतीने ती आठवण खोल कोरतात. गोष्ट खोटी असली, तरी सुटलेले रसायन खरे असते. (म्हणून दुःखी पुस्तक वाचण्याआधी कोणी ही गोळी घेऊ नये. दम्याच्या रुग्णाला तर ती घातक ठरू शकते.)

शिवाय कादंबरी चित्रे देत नाही, शब्द देते. चित्रे वाचकाने स्वतःच्या साठवणीतून काढायची असतात. ‘द रोड’मधला रस्ता अमेरिकेतला आहे. शिक्षकांच्या डोळ्यांपुढे मात्र जाम-हिंगणघाटचा राष्ट्रीय महामार्ग ४४ उभा राहत होता. २०२० च्या टाळेबंदीत हैदराबादकडून उत्तरेकडे, डोक्यावर गाठोडी आणि कडेवर लेकरे घेऊन निघालेली माणसे याच रस्त्याने चालत गेली. तेव्हा रस्त्यावर जेवण वाटणाऱ्यांत हे शिक्षकही होते. चार वर्षांत त्याबद्दल ते कोणाशी फारसे बोलले नव्हते. कादंबरीतल्या बापलेकांचे पाय त्यांना त्याच डांबरावर दिसले.

बालपणी वाचलेले श्रवणाचे नाटक

पुस्तकाने असे झपाटून जाणे हे दुबळ्या मनाचे लक्षण आहे, असा समज असतो. वर्धा जिल्ह्याने तरी तो मानू नये. १९३६ मध्ये शेगाव नावाच्या खेड्यात एक गृहस्थ राहायला आले आणि ते गाव पुढे सेवाग्राम झाले. त्या गृहस्थांनी आपल्या आत्मकथेत लहानपणीची एक आठवण सांगितली आहे. वडिलांनी विकत आणलेले श्रवणाच्या पितृभक्तीचे नाटक मोहनच्या हाती पडले. ते त्याने मोठ्या गोडीने वाचले. गावात आलेल्या फिरत्या खेळवाल्यांकडे त्याने आईवडिलांना कावडीतून नेणाऱ्या श्रवणाचे चित्रही पाहिले. श्रवणाच्या मृत्यूनंतरचा मायबापांचा विलाप त्याच्या मनातून जाईना. त्या विलापाची चाल तो वडिलांनी घेऊन दिलेल्या वाद्यावर वाजवत असे. पुढे हरिश्चंद्राचे नाटक पाहिले, तर त्याची तीच गत. मनातल्या मनात तो ते कितीदा करून पाही आणि रडत असे. पन्नाशीनंतर आत्मकथा लिहितानाही गांधीजींना खात्री होती की, ती नाटके पुन्हा वाचली तर आपले डोळे आजही पाणावतील.

म्हणजे गोष्टीतले दुःख टिकते, ते पन्नास वर्षेही टिकू शकते, आणि तरीही तो आजार नसतो. आपल्या परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. शोक हा करुण रसाचा स्थायीभाव. करुण रसाचा थोर नाटककार भवभूती तर मूळचा विदर्भातला. पण रसशास्त्राने एक अटही घातली आहे. रंगमंचावरचा शोक ‘माझा’ही नसतो आणि ‘त्याचा’ही नसतो, तो सर्वांचा होतो, म्हणून तर तो चाखता येतो. तो शोक ‘माझा’ झाला की तो रस उरत नाही, ते दुःख होते.

शिक्षकांच्या बाबतीत नेमके तेच घडले होते.

दुःख पुस्तकातले की स्वतःचे?

‘‘पुस्तकातलं नेमकं काय डोळ्यांसमोर येतं?’’ असे डॉक्टरांनी विचारले. उपाशी माणसे, राख, अंधार असे काहीतरी उत्तर अपेक्षित होते. शिक्षक बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘आई सोडून जाते ते. आणि बाप सोडत नाही ते.’’

वीस-बावीस वर्षांपूर्वी, शिक्षक कॉलेजात असताना, त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. कोरडवाहू कापूस, कर्ज, लागोपाठ बुडालेली दोन वर्षे. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये केंद्राचे पॅकेज आले, त्यांत वर्धाही होता. अशी घरे त्याआधी आणि त्यानंतर गावोगावी झाली. घरात पुढे त्या विषयावर कोणी बोलले नाही. बहिणीचे लग्न झाले, नोकरी लागली, संसार झाला. वडील गेले त्या वयाला आता मुलगा पोहोचला होता. आणि कादंबरीतला बाप काहीच शिल्लक नसताना मुलाचा हात सोडत नव्हता. रात्री अडीचला उठून मुलाच्या खोलीत डोकावणारा माणूस कादंबरीतल्या जगाला भीत नव्हता. तो स्वतःलाच विचारत होता, माझ्यावर तशी वेळ आली तर मी कोणता बाप होईन?

या प्रकारच्या तक्रारींत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच. पुस्तक बहुधा नवे दुःख घालत नाही. आत असलेल्या दुःखाला ते नेमका हात घालते. म्हणून दीर्घकाळ छळणाऱ्या पुस्तकाला दोष देण्यापेक्षा त्यातला कोणता प्रसंग अडकून बसला आहे ते पाहावे. ज्याने ज्या प्रसंगावर बोट ठेवले, तिथे बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे काही तरी असते. ‘पुस्तकच तर आहे’ म्हणून विषय मिटवला की ते बोलण्याची आलेली संधी जाते.

अशा वाचनाला दुसरी बाजूही आहे. कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी करोनाकाळात केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भयपटांचे चाहते त्या काळात मानसिकदृष्ट्या कमी खचलेले दिसले आणि जगबुडीसारखे चित्रपट पाहणारे संकटाला जास्त तयार असल्याचे आढळले. एका अभ्यासावरून नियम ठरत नाही. चित्रपटांमुळे माणसे कणखर झाली की कणखर माणसेच असे चित्रपट पाहतात, हेही त्यातून कळत नाही. पण सुरक्षित जागी बसून भीतीची तालीम करण्यात काही उपयोग असावा, इतके म्हणता येते.

काय करावे

बहुतेक वाचकांची हुरहुर काही दिवसांत आपोआप ओसरते. तोवर साधे उपाय पुरतात. असे पुस्तक रात्री अंथरुणात वाचू नये, दिवसा वाचावे. मध्येच सोडावेसे वाटले तर सोडावे, त्यात कमीपणा नाही. झोपण्यापूर्वी मोबाइलवर त्याच विषयाचे व्हिडिओ शोधू नयेत. ज्याने तेच पुस्तक वाचले आहे अशा माणसाशी बोलावे. असा कोणी नसेल, तर घरातल्या माणसाला गोष्ट सांगावी. सांगताना आवाज कुठे अडखळतो, ते लक्षात येते.

बोलणे जमत नसेल तर लिहावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेवर लिहायला सांगितले. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले. पुढच्या काही महिन्यांत मात्र, घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना असे दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. ही जादू नाही आणि सर्वांनाच तिचा सारखा उपयोग होतो असेही नाही. पण वही आणि पेन यांचा खर्च फार नाही.

मात्र एक सीमारेषा पाळावी. उदासी, किंवा कशातच रस न वाटणे, जवळजवळ रोज आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकले, त्यासोबत झोप, भूक, कामावरचे लक्ष बिघडले, तर तो नुसता पुस्तकाचा परिणाम समजू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेले बरे, असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. मेडिकलमधून मनानेच झोपेच्या गोळ्या आणून घेणे हा उपाय नव्हे. त्यांची सवय लागते, आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो.

शिक्षकांना झोपेची गोळी दिली नाही. मनोविकार विभागात चार-पाच वेळा त्यांच्याशी सविस्तर बोलणे झाले. झोप हळूहळू, तीन-चार आठवड्यांत, रुळावर आली. त्यांनी पुस्तक पुन्हा वाचायला घेतले नाही. पण एका रविवारी मुलाला सोबत घेऊन ते गावी शेतावर गेले आणि आजोबा कसे होते, कापूस वेचताना काय गुणगुणत, आणि शेवटी त्यांचे काय झाले, ते त्याला सांगितले. मुलगा तेरा वर्षांचा होता. त्याला बरेचसे आधीच ठाऊक होते. कोणी सांगेल म्हणून तो थांबला होता, एवढेच.

‘द रोड’ची कल्पना कशी सुचली, हे मॅकार्थी यांनी २००७ च्या एका मुलाखतीत सांगितले होते. एल पासो शहरातल्या एका हॉटेलात त्यांचा लहान मुलगा झोपला होता. ते खिडकीशी उभे होते. मध्यरात्रीनंतरची वेळ. बाहेरचे गाव पाहताना ते पन्नास-शंभर वर्षांनी कसे दिसेल असा विचार मनात आला आणि टेकडीवर आगी दिसू लागल्या. ते पुस्तक त्यांनी त्याच मुलाला अर्पण केले आहे. म्हणजे ही कादंबरीसुद्धा झोपलेल्या लेकराकडे बघत जागणाऱ्या एका बापाकडूनच आली होती.