रस्ता ओतण्याआधीचा कागद

गावात नवा सिमेंट रस्ता झाला की पारावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आमदारसाहेबांनी रस्ता दिला" हे एक, आणि "दहा लाख आले, निम्मे खाल्ले" हे दुसरं. दोन्ही बोलणाऱ्यांनी त्या रस्त्याचं अंदाजपत्रक बहुतेक वेळा पाहिलेलं नसतं. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात १४ तालुके आणि तेराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. आदर्श गावं म्हणून ओळखली जाणारी राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारही याच जिल्ह्यातली. तरी गावचा पैसा कसा खर्च होतो याबद्दल आपल्याकडे राग भरपूर आणि माहिती थोडी. हे मला मनापासून खटकतं, कारण असा राग चुकीच्या माणसावर निघतो आणि काम संपल्यावर निघतो.

आधी आमदारांचं. आमदाराच्या स्थानिक विकास निधीतला रुपया आमदाराच्या हाती येत नाही. वर्षाला ५ कोटींच्या मर्यादेत त्यांनी फक्त काम सुचवायचं असतं. निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो, मंजुरी तिथून मिळते आणि काम एखादी शासकीय यंत्रणा करते. तो पैसा करदात्यांचा, म्हणजे तुमचा-आमचाच.

दुसरा घोळ असा की गावच्या शिवेत दिसणारं प्रत्येक काम ग्रामपंचायतीचं समजलं जातं. गल्लीतला रस्ता आणि गटार ग्रामपंचायतीचं. गावाला गाव जोडणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. खड्ड्यासाठी सरपंचाला धारेवर धरण्याआधी रस्ता कुणाचा हे कामाच्या फलकावर वाचावं. फलकच लावलेला नसेल तर पहिली तक्रार त्याची करावी.

"सरपंचाच्या मनात आलं की पैसे निघतात," असंही म्हणतात. पूर्वी धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सह्या लागायच्या. आता वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज प्रणालीतून थेट ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यात जातो आणि त्यासाठी दोघांच्याही डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात; पदनाम बदललं तरी जबाबदारी तीच राहिली. बिलात गडबड असेल तर एकटा सरपंच जबाबदार नसतो, दोघंही असतात. शिवाय ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ नुसार, पंचायतीच्या ठेक्यात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध आहे असा माणूस सदस्य राहू शकत नाही.

पैसा कशावरही खर्चता येत नाही, हेही फार जणांना ठाऊक नसतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी बंधित ठेवला, तो फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च भागवायला मनाई. घरपट्टी-पाणीपट्टीतून येणाऱ्या स्वतःच्या उत्पन्नालाही वाटा ठरलेल्या आहेत: १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. गावातल्या दिव्यांग माणसाने पंचायतीत जाऊन "माझ्या पाच टक्क्यांचं काय केलं?" असं विचारलं, तर तो हक्काचंच विचारतो आहे.

आता "दहा लाख आले, निम्मे खाल्ले" या वाक्याकडे वळतो. खाणारे असतात, ते मी नाकारत नाही. पण दहा लाखांची मंजुरी म्हणजे दहा लाखांचं काँक्रीट नव्हे. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असेल, तर दीड लाखाच्या आसपास रक्कम तिथेच जाते. बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर असतो. आयकर आणि सुरक्षा अनामत ठेकेदाराच्या बिलातून कापली जाते. म्हणून ठेकेदाराच्या खात्यात पडलेली रक्कम मंजुरीपेक्षा कमी दिसली, यावरून चोरी सिद्ध होत नाही. चोरी कुठे होते ते शोधायचं तर मोजमाप पुस्तिका उघडावी लागते.

कामाचा क्रम साधारण असा असतो. ग्रामसभेने आराखड्यात काम घ्यायचं. अभियंत्याने दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करायचं. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ठरलेल्या मर्यादेच्या वर रक्कम असेल तर ई-निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम होत जाईल तसतशी अभियंता मोजमापं घेतो आणि पुस्तिकेत, म्हणजे लोक ज्याला एमबी म्हणतात तिच्यात, नोंदवतो. बिल त्या नोंदींवर निघतं. अंदाजपत्रकात काहीही असो, पैसे एमबीत जे लिहिलंय त्याचे मिळतात. म्हणून गावाने लक्ष ठेवायची खरी वेळ माप घेण्याची आहे.

आमच्या वस्तीवरचा रस्ता होत होता तेव्हा अंदाजपत्रकाची प्रत घेऊन मी सकाळीच तिथे जाऊन उभा राहिलो. लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर. गुणाकार केला तर ४५ घनमीटर काँक्रीट. कडेला लावलेल्या लोखंडी चॅनलची उंची बरोबर पंधरा भरत होती, आणि बघणारे तेवढं बघूनच निघून जात होते. आम्ही दोघांनी या चॅनलपासून त्या चॅनलपर्यंत दोरी ताणली आणि मधोमध टेप खाली सोडला. तिथे खडीचा थर फुगून वर आला होता; दोरीपासून खडीपर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर. मुकादमाला ते दाखवलं. थोडी कुरकुर झाली, पण खडी खरवडून पुन्हा दबाई झाली आणि मगच काँक्रीट पडलं. हेच दुसऱ्या दिवशी दिसलं असतं, तर फोडल्याशिवाय उपाय नव्हता.

दोरी नसेल तर गाड्या मोजा. मिक्सरच्या एका गाडीत साधारण ६ घनमीटर माल येतो. ४५ घनमीटरला आठ खेपा लागतात. जाडी सर्वत्र १० सेंटिमीटर झाली तर पाचच पुरतात.

साहित्य खरेदीबद्दल थोडक्यात. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पथदिवे, पाण्याची मोटर अशा वस्तूंसाठी तीन दरपत्रकं घेतली की खरेदी स्वच्छ झाली, असा समज आहे. तिन्ही दरपत्रकं एकाच दुकानातून आणलेली असू शकतात. निविदा टाळायला एका खरेदीचे तुकडे पाडायलाही नियमाने मनाई आहे. दिवे किती घेतले हे साठा नोंदवहीत पाहायचं, मग रात्री गावात फेरी मारून खांबावरचे दिवे मोजायचे.

"ग्रामसभा म्हणजे सह्यांचा कार्यक्रम," हे वाक्य मला सर्वांत जास्त लागतं. वर्षात किमान चार ग्रामसभा कायद्याने बंधनकारक आहेत. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, तेव्हा गाव दुष्काळाने आणि भांडणांनी पोखरलेलं होतं. तिथे कामं ग्रामसभेतून ठरू लागली. पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं. पवारांना २०२० ची पद्मश्री मिळाली. तिथल्या ग्रामसभेला जे अधिकार आहेत तेच तुमच्याही ग्रामसभेला आहेत.

आणि "आम्हाला कागद कोण दाखवतो?" हा प्रश्न पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून कितीतरी वर्षांपूर्वी लढला गेला. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा. त्याच्या अंमलासाठी राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पंचायत समितीतल्या वरिष्ठांकडे अपील. या कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. वाळू, खडी, काँक्रीट यांचा नमुना तुम्ही मागू शकता.

अर्जात मोघम "रस्त्याची सर्व माहिती" मागू नका. कामाचं नाव आणि वर्ष लिहा, मग अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं आणि काँक्रीटच्या घनांचा चाचणी अहवाल मागा. काम चालू असताना १५ सेंटिमीटर बाजूचे घन भरून घेतात आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. अहवालावर घन भरल्याची तारीख असते. तुमच्या दारात मिक्सर कोणत्या दिवशी आला होता ते आठवा आणि दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहा.