पी-ई कमी म्हणजे शेअर स्वस्त? आधी बोटीचा हिशेब बघा



1 जून ते 31 जुलै समुद्रात मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, हातात हंगामाचे पैसे आणि मोबाईलवर शेअरच्या टिपा. केशवापूरच्या आपल्या ऑफिसात या दिवसांत हमखास विचारलं जातं, "या कंपनीचा पी-ई फक्त 5 आहे, घेऊ का?" म्हणून आम्ही हे थोडं समजावून सांगतोय.

पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. भाव 200 रुपये, नफा 10 रुपये, तर पी-ई 20. म्हणजे 20 वर्षांच्या नफ्याएवढी किंमत आपण आज मोजतो.

आता बोट धरा. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा जाऊन वर्षाला 8 लाख उरतात आणि बोटीची किंमत 40 लाख. पी-ई झाला 5. एका वर्षी तारली भरभरून लागली, 16 लाख उरले. मालक आता 60 लाख मागतो. हिशेब केला तर पी-ई पावणेचार. बोट स्वस्त वाटते! पण पुढच्या वर्षी तारली फिरकलीच नाही, 4 लाखच उरले. त्याच 60 लाखांवर पी-ई झाला 15. बोट तीच, आपण चांगल्या वर्षाची किंमत देऊन बसलो. साखर, स्टील अशा चढ-उताराच्या धंद्यांत हेच होतं.

उलटंही घडतं. हुबळीत गोकुळ रोडला जिचा कॅम्पस आहे ती इन्फोसिस बघा. मार्च 2000 मध्ये बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत साधारण 59,000 कोटी, वर्षाचा नफा साधारण 290 कोटी. पी-ई 200 च्या आसपास! पुढच्या वर्षी नफा दुपटीहून वाढून सुमारे 629 कोटी झाला. तरी मार्च 2001 ला किंमत उतरून साधारण 27,000 कोटी, पी-ई 43. कंपनी चांगलीच चालली होती. लोकांनीच आधी जास्त पैसे मोजले होते.

म्हणून एका दिवसाचा आकडा बघू नका:

• पाच-दहा वर्षांचा नफा आणि पी-ई शेजारी-शेजारी लिहा.
• पी-ई उतरला तर का? भाव पडला की नफा वाढला?
• नफा धंद्यातला आहे की जमीन विकून आलेला? जुनं इंजिन विकलेले पैसे आपण मासळीच्या हिशेबात धरत नाही ना, तसंच.
• तुलना त्याच धंद्यातल्या कंपन्यांशी करा.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. बोटीच्या डागडुजीचे आणि जाळ्यांचे पैसे शेअरमध्ये घालू नका. ऑगस्टला बोट पाण्यात उतरवायची आहे. तेव्हा भाव पडलेला असला तर तोट्यात विकावं लागेल.

शंका असेल तर कंपनीचा हिशेब घेऊन ऑफिसात या, बसून बघू.

– सचिव, संस्थेच्या वतीने