अणुभट्टीचे व्याज कोण भरतो?

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची गोष्ट सांगताना होमी भाभांचे नाव निघते, जनरल इलेक्ट्रिकचे निघते, १९६३ च्या भारत-अमेरिका कराराचे निघते. त्या अणुभट्ट्यांसाठी काढलेल्या कर्जाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेने सुमारे ८ कोटी डॉलर दिले होते. व्याज पाऊण टक्का आणि फेड चाळीस वर्षांत. १९६९ च्या ऑक्टोबरात केंद्र सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे तारापूरची वीज देशातल्या स्वस्त विजेत गणली गेली. तिथल्या अभियंत्यांचे श्रेय निर्विवाद आहे, पण त्या पाऊण टक्क्याचा वाटाही मोठा होता. अर्थात असा पैसा मोकळा येत नाही. इंधन अमेरिकेचेच घ्यायचे ही त्यामागची अट होती आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्याच अटीने आपल्याला वर्षानुवर्षे अडकवून ठेवले.

कोळशाच्या वीजकेंद्रात खर्चाचा मोठा भाग रोज जळणाऱ्या कोळशाचा असतो. अणुकेंद्राचे उलटे आहे. युरेनियमचा खर्च त्या मानाने किरकोळ, सगळा भार बांधकामावर, आणि तो पैसा पहिले युनिट विकले जाण्याआधीच ओतलेला असतो. म्हणून अणुविजेच्या दरात सर्वांत वजनदार असतात त्या दोन गोष्टी: व्याजाचा दर आणि बांधकामाला लागलेली वर्षे.

हिशेब करून पाहू. समजा, प्रकल्पाचा मूळ खर्च १०,००० कोटी रुपये, सगळा कर्जाऊ आणि दरवर्षी सारखा खर्च होणारा. नऊ टक्के व्याजाने सहा वर्षांत काम संपले, तर व्याजासकट आकडा साधारण १३,१०० कोटींवर जातो. तेच काम बारा वर्षे रेंगाळले तर साडेसतरा हजार कोटींवर. आता व्याज चार टक्के धरा. बारा वर्षे लागूनही रक्कम पावणेतेरा हजारांच्या आसपासच राहते. म्हणजे स्वस्त पैशाने रखडत बांधलेली भट्टीही महाग पैशाने वेळेत बांधलेल्या भट्टीपेक्षा किंचित स्वस्त पडते. फ्लॅटचा ताबा रखडला की भाडेही भरावे लागते आणि हप्ताही, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना हे गणित वेगळे समजवायला नको.

स्वस्त पैसा सरकारला मिळतो. खासगी कंपनीला तो महाग पडतो, कारण बांधकाम रखडण्याचा धोका सावकार व्याजात धरतो. त्यामुळे खासगी पैसा अणुभट्टीत येतो तेव्हा तो बहुधा तो धोका दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर टाकूनच येतो.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तो ग्राहकाच्या खांद्यावर गेला. आपल्या महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात. तशीच एक ओळ २०११ पासून जॉर्जिया पॉवरच्या बिलावर आली: अणुकेंद्राच्या बांधकामखर्चाची वसुली. व्होगल केंद्रात तिसरी आणि चौथी भट्टी बांधायची होती. त्यासाठी २००९ मध्ये राज्याने कायदा करून, बांधकाम चालू असतानाच त्याच्या भांडवलाचा खर्च ग्राहकांकडून वसूल करायला परवानगी दिली. वर केंद्र सरकारने १२ अब्ज डॉलरच्या कर्जांना हमी दिली. मूळ अंदाज १४ अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो ३० अब्जांच्या वर गेला. मध्येच, २०१७ मध्ये, भट्टी बनवणाऱ्या वेस्टिंगहाउसने दिवाळखोरी जाहीर केली. भट्ट्या अखेर २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या. तोवर ज्या म्हाताऱ्या माणसांनी दरमहा ती ओळ भरली आणि मग जगाचा निरोप घेतला, त्यांना त्या विजेचा दिवा लागलेला दिसला नाही.

निदान तिथे भट्ट्या उभ्या तरी राहिल्या. शेजारच्या साउथ कॅरोलायनात व्ही. सी. समर केंद्रातल्या अशाच दोन भट्ट्या ९ अब्ज डॉलर खर्चून २०१७ मध्ये अर्धवट सोडून दिल्या गेल्या. त्यांचे पैसे ग्राहकांच्या बिलात राहिले. कंपनीच्या माजी प्रमुखाला ग्राहकांची फसवणूक केल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, पण त्याने कुणाचे बिल फिटले नाही.

ब्रिटनने दोन वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. हिंकली पॉइंट सी प्रकल्पात सरकारने सांगितले, बांधा तुमच्या पैशाने, वीज आम्ही ठरल्या दराने पस्तीस वर्षे घेऊ. दर ठरला २०१२ च्या किमतींनुसार मेगावॉट-तासाला ९२.५० पौंड, महागाईप्रमाणे वाढणारा. खर्च वाढला तर तो कंपनीचा. तो वाढलाच. १८ अब्ज पौंडांचा अंदाज २०२४ च्या सुरुवातीला, २०१५ च्याच किमतींत, ३१ ते ३५ अब्जांवर पोहोचला. ब्रिटिश ग्राहक त्यातून वाचला असे वरवर दिसते. पण गुंतवणूकदार कोण होते? फ्रान्सची ईडीएफ आणि चीनची सीजीएन. दुसरी चिनी सरकारची आणि पहिली २०२३ मध्ये पूर्णपणे फ्रेंच सरकारच्या मालकीची झाली. म्हणजे लंडनमध्ये ज्याला बाहेरची गुंतवणूक म्हणत होते, तो पॅरिस आणि बीजिंगच्या तिजोऱ्यांचा पैसा होता.

पुढच्या साइझवेल सी प्रकल्पाला तशा अटींवर पैसे घालायला कुणी तयार होईना. मग २०२२ मध्ये नवा कायदा झाला आणि जॉर्जियासारखीच, नियामकाच्या देखरेखीखालची वाट निवडली गेली: बांधकामाच्या काळातच प्रत्येक घराच्या बिलात महिन्याला साधारण एक पौंड. जुलै २०२५ मध्ये ३८ अब्ज पौंडांच्या या प्रकल्पाचा निर्णय झाला. त्यात ब्रिटिश सरकारचा वाटा ४४.९ टक्के, आणि कर्जाचा सर्वांत मोठा भागही सरकारी निधीचाच.

यात खासगी किती आणि सरकारी किती, हे वाचकाने ठरवावे. मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली: कुणाचा वाटा किती, घराच्या बिलात किती पडणार, हे आकडे लोकांसमोर मांडले गेले.

आपल्याकडे हे का महत्त्वाचे, ते रत्नागिरी जिल्ह्याला विचारावे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प अणूचा नव्हता, पण त्याच्या करारात वरचे सगळे धडे होते. डॉलरला बांधलेला दर, वीज घेतली नाही तरी द्यायचे पैसे, त्यावर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने त्या कराराचे आकडे तपासून धोक्याचा इशारा वेळेत दिला होता. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणे थांबवले, त्याच डिसेंबरात एन्रॉन बुडाली. मागे राहिलेला सांगाडा सरकारी कंपन्यांनी आणि बँकांनी पदरात घेतला.

आपल्या अणुकेंद्रांचा पैसा आजवर सरकारी राहिला. १९८७ मध्ये स्थापन झालेले न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन साधारण तीस टक्के भागभांडवल आणि सत्तर टक्के कर्ज या प्रमाणात प्रकल्प उभारते. कुडनकुलमसारख्या ठिकाणी रशियाचे कर्ज आले. राजस्थानातल्या माही बांसवाड्यात एनटीपीसी भागीदार आहे. पण २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे उद्दिष्ट आहे आणि हाताशी आहेत जेमतेम ९. केंद्राने २०१७ मध्ये दहा देशी भट्ट्यांना १,०५,००० कोटी मंजूर केले, म्हणजे मेगावॉटला १५ कोटी. त्याच जुन्या दराने उरलेल्या ९१ गिगावॉटचे साडेतेरा लाख कोटींहून जास्त होतात. अणुऊर्जा विभागाचे सगळे वार्षिक अंदाजपत्रक २४-२५ हजार कोटींच्या घरात आहे. सरकार खासगी दार का उघडते आहे, ते या दोन आकड्यांत दिसते.

ते दार डिसेंबर २०२५ मध्ये उघडले. संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघात भरपाईचा कायदा मोडीत काढला. आता परवाना घेऊन खासगी कंपनीही अणुकेंद्र बांधू आणि चालवू शकेल. अपघात झाल्यास सर्वांत मोठ्या केंद्राच्या चालकाची भरपाई ३,००० कोटींवर थांबते, पुढचे केंद्र सरकारकडे. सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडून वसुली करायचा २०१० च्या कायद्यातला हक्कही आता करारात लिहिला असेल किंवा मुद्दाम केलेले नुकसान असेल तरच उरतो. फुकुशिमाची टेपको खासगी कंपनी होती. २०११ च्या अपघातानंतर पुढच्याच वर्षी जपान सरकारला १ लाख कोटी येन घालून तिचा ताबा घ्यावा लागला. अपघाताचा शेवटचा हमीदार सरकारच असते, हे कायद्यात लिहिले काय आणि न लिहिले काय. मग त्या हमीचे मोल कंपनीकडून आधीच वसूल का करू नये?

मला अणुवीज हवी आहे. रात्री कोळशाशिवाय कारखाने चालवायचे तर दुसरे पर्याय फार नाहीत. पण बांधकामाच्या वर्षांत पैसा सरकारनेच स्वस्तात उभा करावा, भट्टी वेळेत सुरू झाल्यावर तिचे भाग खासगी कंपन्यांना, पेन्शन फंडांना खुशाल विकावेत, असे मला वाटते. धोका सरला की व्याजही उतरते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबनच्या तर पैसा आणि धोका कुणाचा हा प्रश्न अगदी दारात आहे. जैतापूर प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली, २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार झाला, एक जीव गेला. तिथे १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या यायच्या आहेत, हिंकलीत बांधल्या जात आहेत त्याच ईपीआर जातीच्या. याच जातीची फिनलंडमधली भट्टी २००५ मध्ये बांधायला घेतली, नियमित वीज द्यायला २०२३ उजाडले. ईडीएफने २०२१ मध्ये आपला प्रस्ताव दिला आहे. करारावर सही होण्याआधी त्यातली तीन पाने मराठीत छापून राजापूर तालुक्यात आणि विधिमंडळात ठेवली पाहिजेत: युनिटचा दर कसा ठरणार, काम रखडले तर वाढीव व्याज कुणाच्या बिलात जाणार, आणि सरकार कोणती हमी किती रुपयांना देणार.