आडवाटेचा प्रवास आणि विजेवर चालणारी वाहने

हिमाचल प्रदेशातील मनाली आणि लडाखमधील लेह यांना जोडणाऱ्या मार्गावर तांदी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील पेट्रोल पंपाजवळच्या फलकावर अनेक वर्षे एक सूचना झळकत असे : पुढील पंप ३६५ कि.मी. अंतरावर. या मार्गाने जाणारा प्रत्येक प्रवासी येथे टाकी भरून घेई व जादा इंधनाचा डबा बरोबर बांधी. पुढे पाच हजार मीटरहून उंच अशा दोन खिंडी ओलांडावयाच्या असतात. रस्त्याचा बराच भाग आता डांबरी झाला असला, तरी दरडी कोसळतात आणि दुपारनंतर बर्फ वितळून ओढ्यांचे पाणी रस्त्यावरून वाहू लागते. अशा ठिकाणी वाहन बंद पडणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. रात्रीची थंडी व विरळ हवा यांमुळे तो जिवावरचा प्रसंग ठरू शकतो.

महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात अनेक प्रवासी या वाटेने जातात. विजेवरील वाहनांचा प्रसार होत असताना, अशा आडवाटांवर ती कितपत विसंबण्याजोगी आहेत, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

विद्युत मोटरचे गुण

खडकाळ चढावर वेगापेक्षा ओढशक्तीची गरज अधिक असते. डिझेल इंजिनाला पुरेशी ओढ देण्यासाठी विशिष्ट गतीने फिरावे लागते. त्यासाठी क्लच व गिअर यांची योजना असते. विद्युत मोटर मात्र चाक स्थिर असतानाच जवळजवळ पूर्ण ओढ देऊ शकते. त्यामुळे दगडावरून चाक इंचाइंचाने पुढे सरकविणे चालकाला सोपे जाते. पुढील व मागील आसांना स्वतंत्र मोटरी असल्यास, कोणते चाक घसरते आहे हे ओळखून शक्तीचे वाटप तत्काळ बदलता येते.

दुसरा गुण उंचीवर प्रत्ययास येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५,३०० मीटर उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. इंजिनाला ज्वलनासाठी हवा लागत असल्याने त्याची शक्ती घटते. मोटरमध्ये ज्वलन नसल्याने तिच्यावर हा परिणाम होत नाही.

तिसरा गुण उताराचा. दोन टन वजनाचे वाहन एक हजार मीटर उंच चढविण्यास, इतर खर्च सोडून, सुमारे साडेपाच युनिट वीज लागते. मनाली ते रोहतांग ही चढण सुमारे १,९०० मीटरची. म्हणजे केवळ चढण्यासाठी दहा युनिटांहून थोडी अधिक वीज हवी. उतरताना मोटर जनित्राचे काम करते व यातील बराचसा भाग बॅटरीत परत येतो. ब्रेकही तापत नाहीत. मात्र बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असल्यास परत येणारी वीज साठविण्यास जागा उरत नाही, हे घाटमाथ्यावरून निघणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

अडचण ऊर्जेच्या वजनाची

एवढे गुण असताना अडते कोठे, हे साध्या हिशेबाने समजते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातील जेमतेम एकतृतीयांश ऊर्जा कामी लावते. उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तरीही वीस लिटरच्या एका डब्यातून साठ युनिटांच्या आसपास उपयुक्त काम मिळते. या डब्यातील इंधनाचे वजन सतरा किलोंच्या आत असते. तेवढीच वीज साठविणाऱ्या लिथियम बॅटरीचे वजन मात्र साडेतीनशे ते चारशे किलो भरते. डबा टपावर बांधता येतो. बॅटरी बांधता येत नाही.

रिकामी बॅटरी भरण्यास लागणारा वेळ ही दुसरी अडचण होय. घरगुती १५ अँपिअरच्या जोडणीतून ताशी सुमारे तीन युनिट वीज मिळते. या गतीने साठ युनिटांची बॅटरी भरण्यास वीस तास लागतील. शिवाय गोठणबिंदूखाली बॅटरीची क्षमता घटते, चार्जिंग मंदावते आणि काही वीज बॅटरी उबदार ठेवण्यातच खर्च होते. वाळू, चिखल व चढ यांवर विजेचा खर्च सपाट डांबरी रस्त्यापेक्षा पुष्कळ वाढतो, हेही विसरून चालणार नाही.

संकरित वाहनांचा मध्यममार्ग

इंजिन व मोटर या दोहोंचा मेळ घालणाऱ्या वाहनास संकरित किंवा हायब्रिड वाहन म्हणतात. ही कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास असे वाहन तयार केले होते. आपल्या परिचयाचे डिझेल रेल्वे इंजिनही याच तत्त्वाच्या जवळचे आहे : त्यात डिझेल इंजिन जनित्र फिरविते व चाके विद्युत मोटरी ओढतात.

सर्वच संकरित वाहने आडवाटेस योग्य असतात असे नाही. काहींत पुढील चाकांना इंजिन व मागील चाकांना केवळ लहान मोटर असते. दीर्घ चढावर किंवा वाळूत ती तापून साहाय्य थांबवू शकते. ज्यात इंजिन वीज निर्माण करते व भक्कम मोटरी चाके ओढतात, ती रचना अधिक उपयोगी होय. सौदी अरेबियात २०२४ मध्ये झालेली डाकार शर्यत कार्लोस साइन्झ यांनी ऑडीच्या अशाच रचनेच्या वाहनातून जिंकली.

आजवरचे अनुभव

विजेवरील लांब पल्ल्याचे प्रवास अशक्य नाहीत. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून लॉस एंजेलिसपर्यंत झालेल्या एका प्रवासात विजेवरील मोटारसायकली व रिव्हियन कंपनीचे ट्रक वापरले गेले. त्यासाठी मार्गावर चार्जिंगची यंत्रे मुद्दाम बसविण्यात आली. २०२३ मध्ये क्रिस व ज्युली रॅम्सी या दांपत्याने निस्सान आरिया मोटारीतून उत्तरेकडील चुंबकीय ध्रुवाच्या जुन्या स्थानापासून दक्षिण ध्रुव गाठला. तिला मोठे टायर बसविले होते. बॅटरी व मोटरी मूळच्याच होत्या. या दोन्ही प्रवासांतून एकच गोष्ट स्पष्ट होते : वाहन समर्थ आहे, परंतु विजेची व्यवस्था आधी करावी लागते.

आपल्या देशातही आरंभ झाला आहे. २०१७ मध्ये मनाली–रोहतांग मार्गावर विजेवरील बस धावली. २०२१ मध्ये स्पितीतील काझा येथे चार्जिंग केंद्र सुरू झाले.

निवड कशी करावी

ज्या वाहनाला रोज ठराविक अंतर जाऊन मुक्कामी परतावयाचे आहे, त्यास विजेवरील वाहन आजही सोयीचे आहे. वनखात्याची गस्त, आरोग्य पथकाची फेरी किंवा घाटातील शाळेची बस ही त्याची उदाहरणे होत. जेथे दोन वस्त्यांमध्ये शेकडो कि.मी. अंतर आहे व वीज पोहोचलेली नाही, तेथे तूर्त संकरित किंवा डिझेल वाहनावरच भिस्त ठेवणे शहाणपणाचे ठरेल. विजेवरील वाहनाने जाणाऱ्याने प्रत्येक मुक्कामाच्या चार्जिंगची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी आणि किमान एकतृतीयांश वीज राखीव धरावी.

तांदीच्या फलकाने प्रवाशांना अंतराचा हिशेब शिकविला. वाहन कोणतेही असो, तो हिशेब चुकता कामा नये.