पाचव्या स्टेजचं जहाज

‘स्पेस इन्व्हेडर्स’ला शेवट नव्हता. तैतो या जपानी कंपनीच्या १९७८ सालच्या या गेममध्ये परग्रहवासीयांची एक फौज गारद केली की दुसरी हजर, आणि तीही आधीपेक्षा खालून सुरुवात करणारी. हरेपर्यंत लढायचं, एवढंच हाती. गेम डिझाइन करणं हे माझं रोजचं काम. नव्यानं रुजू झालेल्यांना मी आधी हा गेम खेळायला बसवते आणि लगेच त्यानंतर १९८० सालचा ‘फिनिक्स’. मधल्या दोन वर्षांत काय घडलं ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

‘फिनिक्स’ अमेरिकेतल्या आमस्टार इलेक्ट्रॉनिक्सच्या नावावर आहे. पहिल्या दोन स्टेजमध्ये पाखरांचे थवे येतात. पुढच्या दोन्हींत अंडी तरंगत येतात आणि त्यांतून मोठे पक्षी निघतात. गोळी पंखाला लागली तर पंख तुटतो आणि पुन्हा उगवतो. नेम छातीवरच बसायला हवा. पाचव्या स्टेजला मात्र एक अवजड जहाज समोर येतं. त्याच्या पोटात बसलेला परग्रहवासी आपल्याला स्पष्ट दिसतो, पण गोळी त्याच्यापर्यंत पोचत नाही. आधी खालचं कवच तुकड्यातुकड्यानं पोखरायचं. त्याच्या वर एक पट्टा आडवा फिरत असतो. त्यात पाडलेलं भोक सरकून जातं, म्हणून ते पुन्हा समोर येईपर्यंत दम धरायचा. तोवर वरून मारा सुरूच, पाखरं अंगावर येतायत आणि जहाज हळूहळू खाली उतरतंय. ढाल आहे, पण ती लावली की जागचं हलता येत नाही.

हा प्रसंग रचणाऱ्याला मी मनापासून मानते. चार स्टेज ज्यानं नुसता हात चालवला, त्याला इथं पहिल्यांदा थांबून विचार करावा लागतो. बॉसचं, म्हणजे टप्प्याच्या शेवटी वाट अडवणाऱ्या बड्या शत्रूचं, मोठेपण माझ्या लेखी यात आहे. आकार काय, कोणीही वाढवू शकतो.

पहिल्या बॉसचा मान बहुतेकदा याआधीच्या एका सोनेरी ड्रॅगनला दिला जातो. इलिनॉय विद्यापीठानं शिकवण्यासाठी उभारलेल्या ‘प्लेटो’ या संगणकजाळ्यावर गॅरी व्हिसेनहंट आणि रे वुड या विद्यार्थ्यांनी १९७५ च्या सुमारास ‘डीएनडी’ हा गेम लिहिला. भुयाराच्या तळाशी जादूचा गोळा आणि त्यावर पहारा देणारा हा ड्रॅगन. तिथं आर्केडमधल्या यंत्रांसारखं नाणं टाकायचं नव्हतं. भुयारातून बाहेर यायचं, ताकद कमवत पुन्हा उतरायचं, असं चाले. आर्केडवाल्यांना तीच ओढ काही मिनिटांत लावायची होती, म्हणून त्यांचं काम मला अधिक कठीण वाटतं.

पुढची पावलं भराभर पडली. १९८१ च्या ‘गॉर्फ’मध्ये पाचव्या मोहिमेवर शत्रूचं मुख्य जहाज आलं. १९८४ साली आयरेम कंपनीचा ‘कुंग-फू मास्टर’ आला, ताकाशी निशियामा यांनी रचलेला. पाच मजले, प्रत्येकाच्या टोकाला एक पहारेकरी. पहिल्याच्या हातात काठी. पडद्यावर आपल्या शक्तीची पट्टी आणि तिच्या जोडीला शत्रूचीही. आता हरलेल्यालाही दिसू लागलं, की समोरच्याची चिमूटभरच शक्ती उरली होती. तो पुढचं नाणं काढणारच!

‘फिनिक्स’मध्ये ही पट्टी नव्हती, झिजत जाणारं कवचच ते काम करत होतं. म्हणून बॉसचा आराखडा तपासताना मी पट्टी झाकते आणि घाव त्याच्या अंगावर दिसतायत का, ते आधी बघते.